नळीतला मकरंद कोणासाठी?

देवपूजेच्या परडीत डोकावून पाहा. मोगरा, जाई, जुई, अनंत, निशिगंध... जवळजवळ सगळी फुलं पांढरी आणि सगळी घमघमणारी. आता होळीच्या आसपासचं रान आठवा. पळस पेटलेला असतो, पांगाऱ्याच्या निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना लाल तुरे आलेले असतात, काटेसावरीखाली वाटीएवढ्या जाडजूड लाल फुलांचा सडा पडलेला असतो. त्यातलं एखादं फूल उचलून नाकाशी धरा. वास जवळपास नाहीच.

पांढऱ्या फुलांना एवढा सुगंध आणि या लाल फुलांना काहीच कसा नाही? बागेतला गुलाब इथे बाजूला ठेवू, कारण तो माणसाने शेकडो वर्षं निवडून निवडून घडवला आहे. माणसाचा हात न लागलेल्या रानफुलांत मात्र ही विभागणी पुन्हा पुन्हा दिसते. लहानपणी मी आजीला हे विचारलं होतं. ती म्हणाली, “देवाने एकाला रूप दिलं, एकाला वास.” त्या वयात ते पुरलं. त्यामागचं कारण मला समजलं ते पुष्कळ वर्षांनी, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, मुलीच्या घरामागच्या कुंपणावर चढलेल्या एका वेलीसमोर उभं राहून.

कुंपणावरची वेल

एप्रिलचा पहिला पंधरवडा होता. सकाळच्या हवेत गारवा होता. लाकडी कुंपणावर पसरलेल्या त्या वेलीच्या प्रत्येक शेंड्याला सडपातळ नळ्यांसारख्या फुलांचे झुबके आले होते. फूल बाहेरून पोवळ्यासारखं लाल, आतून हळदीसारखं पिवळं. लांबी करंगळीएवढी, जाडी अगरबत्तीहून थोडी जास्त. तोंडाशी पाच इवल्या पाकळ्या जेमतेम उघडलेल्या आणि त्यांतून पुंकेसरांची टोकं किंचित बाहेर डोकावणारी. झुबक्याच्या खालची समोरासमोरची दोन पानं तळाशी एकमेकांना जुळून त्यांचा एकच गोल द्रोण झाला होता. देठ त्या द्रोणाला मधोमध भोक पाडून वर आल्यासारखा दिसत होता. मी नाक जवळ नेलं. वास अजिबात नव्हता.

तेवढ्यात कानाशी घूं घूं आवाज झाला. भुंगा असेल म्हणून मी डोकं मागे घेतलं. पाहतो तर अंगठ्याएवढा हिरवट पक्षी हवेत एका जागी थांबलेला. पंखांच्या जागी नुसता धूसर पडदा. त्याने चोच एका नळीत घातली, दोनेक सेकंद तसाच तरंगत राहिला, मग चक्क उलटा मागे सरकला आणि शेजारच्या नळीकडे वळला. मान वळवताना त्याचा गळा माणकासारखा लखलखला आणि दुसऱ्या क्षणी काळा पडला. चोचीच्या वर, कपाळावर, पिवळी पूड लागलेली होती.

तो पक्षी म्हणजे हमिंगबर्ड आणि ती पूड म्हणजे परागकण. या वेलीचा रंग, आकार, बिनवासाचं असणं आणि नळीतला गोडवा या सगळ्याचा अर्थ त्या चिमूटभर पुडीशी येऊन पोचतो.

नाव कुठून आलं?

ही वेल म्हणजे कोरल हनीसकल. तिलाच ट्रम्पेट हनीसकल असंही म्हणतात. पहिलं नाव पोवळ्याच्या रंगावरून, दुसरं तुतारीसारख्या आकारावरून. हनीसकल म्हणजे जिच्यातून मध चोखता येतो ती. कोकणात आणि घाटावर अडुळशाचं फूल खुडून त्याच्या देठाकडचा गोड थेंब चोखलेली पिढी अजून आहे. अमेरिकेतली आणि युरोपातली मुलं हनीसकलच्या फुलांशी तेच करत आली.

शास्त्रीय नाव लोनिसेरा सेम्परव्हायरन्स. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हे नाव नोंदवलं. लोनिसेरा हे सोळाव्या शतकातल्या आडाम लोनित्सर या जर्मन वनस्पतिअभ्यासकाच्या स्मरणार्थ, आणि सेम्परव्हायरन्स म्हणजे सदाहरित. दक्षिणेच्या उबदार भागात हिची पानं हिवाळ्यातही टिकतात, उत्तरेला ती गळतात. कनेटिकटपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेकडे टेक्ससपर्यंत, रानाच्या कडेने आणि झुडपांच्या रांगांतून ही मूळचीच वाढते.

काकडीच्या किंवा दोडक्याच्या वेलीला आधार पकडायला ताणे असतात, तसे हिला नसतात. हिचा शेंडा स्वतःच हवेत हळूहळू गोल फिरत राहतो. अंधारात भिंत चाचपणाऱ्या माणसाच्या हातासारखा तो एखाद्या काटकीला लागला की तिच्याभोवती पीळ घालत वर जातो. चार्ल्स डार्विनने अशा वेलींच्या शेंड्यांच्या फेऱ्या घड्याळ लावून मोजल्या होत्या आणि १८६५ मध्ये त्यावर मोठा निबंध लिहिला होता.

मोडी लिपीतली पाटी

झाडाला पाय नाहीत. एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलापर्यंत पोचवायला कुणीतरी निरोप्या लागतो, आणि निरोप्याला बोलवायला फुलाला पाटी लावावी लागते. रंग आणि वास या फुलाच्या दोन पाट्या. पाटी कोणती लावायची हे निरोप्या कोण आहे त्यावर ठरतं.

रात्री उडणाऱ्या पतंगाला अंधारात रंग फारसा उपयोगी नाही. त्याला लांबून वास येतो आणि जवळ आल्यावर फिकट फूल अंधारात उठून दिसतं. म्हणून रातराणी, जुई, निशिगंध ही फुलं फिकट असतात आणि संध्याकाळनंतर त्यांचा सुगंध वाढतो. पक्ष्याचं उलट. तो दिवसा हिंडतो आणि अन्न डोळ्यांनी शोधतो. त्याच्यासाठी सुगंध तयार करणं म्हणजे झाडाने साठवलेलं बळ वाया घालवणं. त्यामुळे पक्ष्यांसाठी फुलणाऱ्या फुलांत सुगंध बहुधा नसतो.

पण मग लालच का? याचं उत्तर मधमाशीच्या डोळ्यात आहे. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये एक साधा आणि सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. रंगीत पुठ्ठ्यावर साखरपाण्याची बशी ठेवून त्याने मधमाश्यांना त्या रंगाची सवय लावली. मग तो रंग राखाडी पुठ्ठ्यांच्या गर्दीत ठेवला. निळा रंग माश्यांनी अचूक ओळखला. लाल मात्र त्या काळपट राखाडीशी गल्लत करत राहिल्या. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. मधमाशीच्याही तीनच, पण त्या अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला जागणाऱ्या. लाल प्रकाशासाठी तिच्याकडे वेगळी पेशी नाही. हिरव्या पानांतलं लाल फूल तिला पूर्ण अदृश्य नसतं, पण ते चटकन नजरेत भरत नाही.

पक्ष्यांना चार प्रकारच्या पेशी असतात. लाल तर त्यांना दिसतोच, शिवाय आपल्याला न दिसणारा अतिनीलही दिसतो. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल फूल पक्ष्याला दुरून खुणावतं.

एखाद्या गल्लीत खाणावळ आहे आणि तिची पाटी मोडी लिपीत आहे असं समजा. ज्याला मोडी येते तो आत जातो, बाकीचे सहज पुढे निघून जातात. आत गर्दी कमी असते, पानात वाढलेलं शिल्लक असतं, आणि मोडी वाचणाऱ्याला पक्कं कळतं की इथे आलं की उपाशी जावं लागत नाही. लाल रंग असं काम करतो. हमिंगबर्डला जन्मतः लालचं वेड असतं असा समज आहे, पण तो अनुभवाने शिकतो. रंग कुठलाही असो, जिथे गोड मिळतं तिथे तो परत जातो. लाल फुलांत मधमाश्यांनी कमी हात मारलेला असतो, म्हणून तिथे त्याला जास्त मिळतं आणि तो धडा त्याच्या लक्षात राहतो.

ओटा नसलेलं घर

पाटीनंतर दाराकडे बघू. अडुळशाच्या पांढऱ्या फुलाला खालच्या बाजूला एक रुंद पाकळी असते. तिच्यावर जांभळट रेघा असतात. तो घरापुढचा ओटा. माशी किंवा भुंगा आधी त्यावर उतरतो, पाय रोवतो आणि मग डोकं आत घालतो.

कोरल हनीसकलला हा ओटाच नाही. पाच पाकळ्या जवळजवळ सारख्या आणि अगदी छोट्या. फुलं झुबक्यातून बाहेरच्या बाजूला रोखलेली. उतरायला जागा हवी असलेल्या कीटकाची इथे पंचाईत होते, आणि एखादा उतरलाच तरी नळी इतकी लांब आणि अरुंद की बहुतेक माश्यांची जीभ मकरंदापर्यंत पोचत नाही.

हमिंगबर्डला ओटा लागत नाही, कारण तो हवेतच उभा राहतो. विहिरीत पोहताना एका जागी तरंगायचं असेल तर आपण हात वर-खाली मारत नाही. तळवे तिरके करून पाणी आडवं कापत पुढे-मागे फिरवतो. हमिंगबर्डचा पंख खांद्यातून तसाच वळतो आणि त्याचं टोक हवेत आडवा इंग्रजी आठचा आकडा काढतं. इतर पक्ष्यांना भार पेलायला मुख्यतः पंखाचा खाली येणारा फटका उपयोगी पडतो. हमिंगबर्डला जातानाचा आणि येतानाचा, दोन्ही फटके उचलून धरतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार सुमारे ७५ टक्के भार पहिला फटका पेलतो आणि २५ टक्के परतीचा. हे सेकंदाला पन्नासेक वेळा घडतं, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा घूं घूं आवाज. मराठीत काही जण त्याला गुंजनपक्षी म्हणतात ते त्यामुळेच.

चोच आत गेली की नळीच्या तोंडाशी थांबलेले पुंकेसर बरोबर त्याच्या कपाळावर आणि चोचीच्या मुळाशी टेकतात. पुढच्या फुलात स्त्रीकेसराचं टोक त्याच जागी भिडतं. हातावर शिक्का मारून जत्रेत सोडावं आणि पुढच्या दारावर तोच शिक्का तपासावा, तसं हे चालतं.

इथे वेलीचा आणखी एक फायदा आहे. मधमाशीला मकरंदाइतकेच परागही हवे असतात. अंगावर लागलेली पूड ती पायांनी झाडून, गोळा करून पिल्लांसाठी पोळ्यात नेते. म्हणजे निरोप्याच पाकिटातला मजकूर खाऊन टाकतो. पक्ष्याला परागांशी काही कर्तव्य नाही. तो ते नकळत वाहून नेतो. शिवाय थंडीच्या, ढगाळ, भुरभुर पावसाच्या सकाळी मधमाश्या घराबाहेर पडत नाहीत. उष्ण रक्ताच्या पक्ष्याला मात्र पोटासाठी निघावंच लागतं.

अर्थात प्रत्येक घराला चोर असतात. आपल्या भुंग्याच्या नात्यातल्या तिथल्या माश्या कधीकधी फुलाच्या बुडाशी चीर पाडून मकरंद पितात. पुढच्या दाराने न आल्यामुळे त्यांच्या अंगाला पूड लागतच नाही. वेलीला ते नुकसान सोसावं लागतं.

पाक नव्हे, सरबत

पक्ष्यांसाठीच्या फुलांमधला मकरंद पातळ असतो. हमिंगबर्डच्या फुलांत साखरेचं प्रमाण बहुधा २० ते २५ टक्क्यांच्या घरात असतं. मधमाश्यांच्या आवडत्या फुलांत ते याहून बरंच जास्त असू शकतं. एवढी मेहनत करणाऱ्या पक्ष्याला दाट मकरंद का नको?

गुलाबजामचा पाक आणि लिंबाचं सरबत बारीक नळीने ओढून पाहा. पाकात गोडवा जास्त, पण तो वर चढायला वेळ लागतो. हवेत तरंगत पिणाऱ्याला प्रत्येक सेकंद महाग असतो. भराभर पिता येईल इतपत पातळ आणि पोट भरेल इतपत गोड असा मधला बिंदू त्याला सोयीचा.

पिण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. हमिंगबर्डची जीभ टोकाशी दुभंगलेली असते आणि दोन्ही फाट्यांना पन्हळीसारखा खोलगट भाग असतो. केशनलिकेत पाणी आपोआप चढतं तसा मकरंद त्या पन्हळीत चढतो, असं जवळपास पावणेदोनशे वर्षं मानलं जात होतं. २०११ मध्ये कनेटिकट विद्यापीठातल्या आलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून वेगळंच दाखवलं. मकरंदात शिरताच जिभेची टोकं झालरीसारखी उघडतात आणि बाहेर येताना मिटून थेंब पकडतात. पुढच्या अभ्यासात, २०१५ मध्ये, असंही दिसलं की चोचीतून बाहेर पडताना जिभेच्या पन्हळी दाबल्या जातात आणि मकरंदाला टेकताच उसळून पुन्हा फुगतात. औषधाच्या ड्रॉपरचं रबरी बोंडुक दाबून बाटलीत सोडलं की औषध वर येतं, तसंच. ही ये-जा सेकंदाला दहा-पंधरा वेळा होते. चोच दोन सेंटिमीटरच्या आसपास असली तरी जीभ तिच्या बरीच पुढे जाते. त्यामुळे करंगळीएवढ्या नळीतला मकरंद त्याच्या आवाक्यात येतो.

आणखी एक गोष्ट. कोंबडीला गोड चव कळत नाही. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोडाची जाणीव करून देणारा नेहमीचा जनुक फार पूर्वीच गमावला. मग हमिंगबर्डला मकरंद गोड कसा लागतो? मॉड बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की मांसाच्या रश्शातली रुचकर चव ओळखणारा जिभेवरचा ग्राहक हमिंगबर्डमध्ये बदलत बदलत साखर ओळखू लागला. घरात एक किल्ली हरवली म्हणून दुसरी कानशीने घासून त्याच कुलपाला बसवावी, तसं उत्क्रांतीने हे काम केलं.

चोख हिशोब

पूर्व अमेरिकेत नियमाने घरटं करणारा हमिंगबर्ड एकच, माणकाच्या गळ्याचा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. चकाकणारा लाल गळा फक्त नराला असतो. वजन तीन-चार ग्रॅम, म्हणजे साधारण एका रुपयाच्या नाण्याएवढं. उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या वर जातात. ही भट्टी पेटती ठेवायला दिवसभर सतत इंधन लागतं. थंड रात्री तो अंगाचं तापमान उतरवून ग्लानीत जातो, नाहीतर सकाळपर्यंत साठा पुरणार नाही.

वेल या भुकेचा अचूक उपयोग करून घेते. एका फुलात ती थेंबभरच मकरंद ठेवते. फार ठेवला तर पक्षी एका फुलावर तृप्त होऊन निघून जाईल आणि पराग कुठेच पोचणार नाहीत. अगदीच कमी ठेवला तर तो पुन्हा येणार नाही. थेंब संपला की फूल तो हळूहळू पुन्हा भरतं. त्यामुळे पक्ष्याला झुबक्यामागून झुबके आणि वेलीमागून वेली फिराव्या लागतात, आणि तोवर पिवळा शिक्का ठिकठिकाणी उमटत जातो.

वेळही जुळलेली आहे. हे पक्षी हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतात. वसंतात परतताना त्यांतले अनेक जण मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूर रेल्वेप्रवासाएवढं अंतर, खाली फक्त पाणी आणि सुमारे वीस तास न थांबता उड्डाण. निघण्याआधी ते जवळपास दुप्पट वजनाचे होतील इतकी चरबी साठवतात आणि पोचेपर्यंत ती संपवतात. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये ते आखाताच्या किनाऱ्यावर उतरू लागतात, पुढे एप्रिल-मेपर्यंत उत्तरेला पसरतात. कोरल हनीसकलचा मुख्य बहरही दक्षिणेत मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो आणि तसाच उत्तरेला सरकत जातो. बाकीची बरीच झाडं अजून पानं फोडत असतात तेव्हा या वेलीचं पान वाढून तयार असतं.

फुलानंतर लाल फळं येतात, ती दुसरे पक्षी खातात. पानांवर स्नोबेरी क्लिअरविंग नावाच्या दिवसा उडणाऱ्या पतंगाचे सुरवंट वाढतात. एकाच वेलीवर कितीतरी घरं चालतात.

एकाच घराण्यातल्या दोघी

हनीसकलच्या घराण्यात शंभराहून जास्त जाती आहेत. आपल्या हिमालयातही काही आहेत. बहुतेकींचे निरोपे माश्या किंवा पतंग. युरोपातली रानहनीसकल फिकट पिवळसर असते, संध्याकाळी घमघमते आणि तिच्याकडे लांब सोंडेचे पतंग येतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, आणि त्यांच्यासाठी लाल किंवा नारिंगी नळ्या धरणाऱ्या हनीसकलही तिथेच आढळतात.

हे घडतं कसं? शेतकरी कणसांतून टपोरं कणीस बियाण्यासाठी बाजूला काढतो आणि पुढच्या वर्षी शेत थोडं बदलतं. इथे बियाणं पक्ष्यांनी निवडलं. ज्या फुलांचा रंग जरा जास्त लाल, नळी जरा जास्त लांब, त्यांच्याकडे पक्षी जास्त आले. त्यांना बी जास्त धरलं आणि तेच गुण पुढे गेले. हजारो पिढ्यांत फूल आणि चोच एकमेकांच्या मापाची झाली.

याच अंगणात एक धोकाही वाढतो आहे. जपानी हनीसकल ही पूर्व आशियातली बहीण १८०६ च्या सुमारास शोभेची वेल म्हणून अमेरिकेत आणली गेली. तिची फुलं पांढरी, नंतर पिवळी पडणारी, रात्री अतिशय सुवासिक. तिच्या मूळ देशात तिला आवर घालणारे कीटक आणि रोग होते, इथे ते फारसे नव्हते. तिची काळी फळं पक्ष्यांनी सगळीकडे पसरवली. आज पूर्व अमेरिकेतल्या कित्येक रानांत ती रोपांना विळखा घालून त्यांचं ऊन अडवते. हमिंगबर्ड तिच्याही फुलात कधीमधी चोच घालतो. पण आजूबाजूची स्थानिक झाडंझुडपं दबली की त्यांच्यावर जगणारे कीटक जातात, आणि हमिंगबर्डला मकरंदाइतकेच कीटकही लागतात. पिल्लांना प्रथिनं त्यांच्यातूनच मिळतात.

दोघींना ओळखणं सोपं आहे. फुलांच्या झुबक्याखाली जुळलेल्या पानांचा द्रोण, लाल नळ्या आणि लाल फळं असतील तर ती स्थानिक कोरल हनीसकल. पांढरी-पिवळी सुवासिक जोडफुलं आणि काळी फळं असतील तर ती जपानी.

आपल्याकडे हमिंगबर्ड आहे का?

दरवर्षी कुणीतरी मोठ्या आनंदाने सांगतं, “आमच्या गॅलरीत हमिंगबर्ड आला होता.” भारतात हमिंगबर्ड नाहीत. दिसलेला पक्षी बहुधा शिंजीर असतो, म्हणजेच सूर्यपक्षी. किंवा तो पक्षीच नसतो, फुलापुढे तरंगणारा लांब सोंडेचा पतंग असतो.

शिंजीर आणि हमिंगबर्ड यांचं नातं फार दूरचं आहे. हमिंगबर्डचे जवळचे भाऊबंद म्हणजे पाकोळ्या, आणि शिंजीर चिमणीच्या मोठ्या गोतावळ्यातला. तरीही दोघेही इवले, दोघांचेही नर चकाकणारे, दोघांची चोच आणि जीभ मकरंदासाठी घडलेली. एकच काम दोन खंडांत दोन वेगळ्या घराण्यांना मिळालं आणि दोघांनी सारखीच हत्यारं घडवली. फरक एवढा की शिंजीर क्वचित तरंगतो, बहुधा फांदीवर बसून पितो. म्हणून आपल्या रानातल्या पक्षीफुलांना जवळच भक्कम फांदी किंवा जाड देठ असतो. पळस, पांगारा, काटेसावर यांच्यावर फाल्गुनात शिंजिरांबरोबर मैना, बुलबुल, भोरड्या यांची झुंबड उडते ती त्यामुळे. आंब्यावरच्या बांडगुळाची नळीसारखी फुलं पाहा. शिंजीर त्यांच्या मिटल्या कळ्या चोचीने दाबून उघडतो.

आणि अंगणातली मधुमालती तर दोन्ही पाट्या एकाच झुबक्यात लावते. संध्याकाळी उमललेलं फूल पांढरं आणि सुवासिक असतं, कारण पहिल्या रात्री त्याला पतंग हवे असतात. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं, मग लाल, आणि तेव्हा दिवसाचे पाहुणे येतात. आजीला विचारलेला प्रश्न तिच्याच दारातल्या वेलीवर रोज संध्याकाळी सुटत होता.

चौकट: थोडक्यात

• लाल रंग: पक्ष्याला ठळक दिसतो, मधमाशीच्या नजरेत सहज भरत नाही.
• सुगंध नाही: दिवसा डोळ्यांनी शोधणाऱ्या पक्ष्याला त्याची गरज नाही.
• लांब, अरुंद नळी: चोच आणि जीभ पोचते, बहुतेक माश्यांची जीभ पोचत नाही.
• उतरायला पाकळी नाही: हमिंगबर्ड हवेतच उभा राहून पितो.
• पातळ मकरंद, थेंबभर: भराभर पिता येतो आणि पक्ष्याला पुढच्या फुलाकडे जावं लागतं.
• बाहेर डोकावणारे केसर: पराग नेमके कपाळावर लागतात आणि दुसऱ्या फुलात नेमके उतरतात.

तुमच्या अंगणात

पूर्व अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. रोपवाटिकेत हनीसकल मागताना पूर्ण नाव घ्या: लोनिसेरा सेम्परव्हायरन्स. तिला भरपूर ऊन आणि चढायला जाळी किंवा कुंपण द्या. छाटणी वसंताचा बहर ओसरल्यावर करा, आधी केली तर फुलं जातील. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने घालवा, कीटकनाशक मारू नका. साखरपाण्याचं भांडं टांगणार असाल तर चार वाट्या पाण्याला एक वाटी पांढरी साखर घ्या. त्यात रंग नको, मध नको, आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला.

महाराष्ट्रात आणि गोव्यात ही वेल मागवायची गरज नाही. तिचा निरोप वाचणारा पक्षी इथे नाही. इथल्या शिंजिरासाठी इथल्याच पाट्या आहेत. जागा असेल तर पांगारा किंवा पळस लावा, गॅलरीच असेल तर कुंडीत मधुमालती चढवा. आंब्याच्या फांद्यांना बांडगुळाचा उपद्रव होत असेल तर ते जरूर काढा, पण रानातल्या झाडावरचं एखादं राहू द्या.

नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या कुंपणावरून मी एक फूल तोडून वहीत ठेवलं होतं. आता ते तपकिरी झालं आहे आणि त्याला अजूनही वास नाही. त्याच्या निरोप्याला त्याची कधी गरजच नव्हती.